तक्रारीनंतरचा सूडही तुमच्याच कक्षेत येतो: अंतर्गत समित्यांना खुले पत्र

प्रति,
अंतर्गत समित्यांच्या अध्यक्ष, कर्मचारी सदस्य आणि बाहेरून नेमलेले सदस्य यांस

स.न.वि.वि.

लैंगिक छळाची तक्रार दिल्यानंतर त्या स्त्रीच्या नोकरीमागे जो जाच लागतो, त्याची दखल घेणे हे कामाच्या ठिकाणी अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या अंतर्गत समितीचे काम आहे. बहुतेक समित्या ते करत नाहीत. ‘बदली ही प्रशासकीय बाब असून समितीच्या कक्षेत येत नाही’ असे एक वाक्य इतिवृत्तात लिहिले जाते आणि विषय तिथेच मिटतो. पुढे चौकशी रीतसर पार पडते, अहवाल निघतो, कधी तक्रार सिद्धही होते. पण तोवर तक्रारदार बाई नोकरी सोडून गेलेली असते. कागदोपत्री प्रकरण निकाली निघते आणि तिच्या आजूबाजूला बसणाऱ्या बायका त्यातून काय समजायचे ते समजून घेतात. त्यानंतर त्या विभागातून तक्रार येत नाही, आणि वार्षिक अहवालात ‘तक्रारी: शून्य’ असे अभिमानाने छापले जाते.

आधी कायद्याचे बोलू. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा ९ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे. सूड उगवणाऱ्या मालकाला वेगळी शिक्षा सांगणारे स्वतंत्र कलम त्यात नाही. ही मोठी उणीव आहे आणि संसदेने ती भरून काढायला हवी, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण म्हणून समितीचे हात बांधलेले नाहीत. कलम ३ चे दुसरे पोटकलम काढून वाचा. नोकरीत झुकते माप देण्याचे आमिष, नुकसान करण्याची धमकी, आजच्या किंवा पुढच्या नोकरीबद्दलची धमकी, कामात अडथळे किंवा दहशतीचे वातावरण, आणि आरोग्यावर वा सुरक्षिततेवर परिणाम करणारी अपमानास्पद वागणूक, या गोष्टी लैंगिक वर्तनाशी जोडलेल्या असतील तर त्याही लैंगिक छळातच मोडतात. साहेबाला नकार दिल्यावर शिफ्ट बदलली, तक्रार दिल्यावर इन्क्रिमेंट अडले, तर त्याची चौकशी करण्याचा अधिकार तुम्हाला या पोटकलमातून मिळतो. अट एकच. ती जोड दाखवता आली पाहिजे.

ही अट किती कडक आहे ते कोलकात्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या प्रकरणात दिसले. तिथल्या एका प्राध्यापिकेने कुलगुरूंविरुद्ध तक्रार केली. छळाची शेवटची घटना एप्रिल २०२३ मधली, तक्रार डिसेंबर २०२३ मधली. मधल्या काळात तिला एका केंद्राच्या संचालकपदावरून दूर करण्यात आले होते. हा छळाचाच पुढचा भाग धरून मुदत तिथून मोजावी, असे तिचे म्हणणे होते. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. पदावरून दूर करणे हा प्रशासकीय निर्णय ठरला आणि तक्रार मुदतबाह्य झाली. तुमच्याकडे विचारपूस करायला आलेल्या प्रत्येकीला यातला एक धडा स्वच्छ शब्दांत सांगा: तीन महिने घटनेपासून मोजले जातात, घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून. पुढचा जाच मुदत वाढवून देईल या भरवशावर राहू नये. समिती लेखी कारणे देऊन आणखी जास्तीत जास्त तीन महिने वाढवू शकते, त्यापुढे नाही. दुसरा धडा तुमच्यासाठी. सुडाचा दुवा आपोआप सिद्ध होत नाही, तो कागदांतून उभा करावा लागतो, आणि ते कागद मागवण्याचे अधिकार तिच्याकडे नसून तुमच्याकडे आहेत.

आता दिवस मोजा. तक्रारीची प्रत प्रतिवादीला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला, सात कामकाजी दिवसांत जाते, त्याचे उत्तर पुढच्या दहा कामकाजी दिवसांत येते, चौकशीला एकूण ९० दिवस, अहवालाला १०, मालकाच्या कारवाईला ६०. सगळे वेळेवर झाले तरी पाच महिने गेले. या पाच महिन्यांत ती त्याच इमारतीत, पुष्कळदा त्याच साहेबाच्या हाताखाली काम करत असते. जानेवारीत तक्रार दिली तर मार्च-एप्रिलचे अप्रेझल मध्येच येते. प्रोबेशनवर असेल तर कायम होण्याची तारीख येते, कंत्राटी असेल तर नूतनीकरणाची.

थेट बडतर्फी फार थोडे मालक करतात. ती कोर्टात टिकणार नाही हे त्यांच्या वकिलाला ठाऊक असते. त्याऐवजी तिच्या हातातले क्लायंट दुसऱ्याला दिले जातात आणि तीन महिन्यांनी ‘टार्गेट पूर्ण नाही’ म्हणून पीआयपीवर (ठरावीक मुदतीत कामगिरी सुधारून दाखवण्याच्या अटीवर) ठेवले जाते. मीटिंगची आमंत्रणे बंद होतात. विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून नाव निघते आणि कामाच्या सूचना तर त्याच ग्रुपवर येत असतात. रजा नामंजूर होते, पाच मिनिटांच्या उशिराला अर्धा दिवस कापला जातो, आणि तोच नियम शेजारच्या टेबलाला लागू नसतो. दोन वर्षांपूर्वीची प्रवासखर्चाची बिले एकाएकी तपासणीला निघतात. कारखान्यात तिला पॅकिंगवरून उचलून जड कामाच्या लाइनवर टाकतात, किंवा कंपनीची बस जिथे येत नाही त्या शिफ्टला लावतात. शाळा-कॉलेजात वेळापत्रक असे लावतात की सकाळी सातला पहिला तास आणि संध्याकाळी पाचला शेवटचा. राजीनामा दिलाच तर रिलीव्हिंग लेटर अडते, पैशांचा शेवटचा हिशेब (फुल अँड फायनल) लांबतो. शिवाय प्रतिवादीच्या बाजूने उलट तक्रार येते, मानहानीची नोटीस येते. यातली प्रत्येक गोष्ट सुटी पाहिली तर किरकोळ दिसते आणि प्रत्येकीला एखादे प्रशासकीय कारण चिकटवता येते. म्हणून त्या एकाच कागदावर तारखेनुसार मांडाव्या लागतात.

त्यासाठी तक्रार हाती आली त्याच दिवशी एक काम करून ठेवा. तिच्या नोकरीची त्या दिवशीची स्थिती नोंदवून फाइलला लावा: पद, विभाग, वरिष्ठ कोण, शिफ्ट, बसण्याची जागा, हातातली कामे, मागच्या तीन वर्षांची अप्रेझल, शेवटचे इन्क्रिमेंट, शिल्लक रजा, सिस्टीममधले अ‍ॅक्सेस, आतापर्यंत मेमो मिळाला असल्यास त्याची तारीख. एचआरकडून हे एका पानावर, सही-शिक्क्यासह मागवा. अर्ध्या तासाचे काम आहे. चार महिन्यांनी ‘तिच्या कामाबद्दल आधीपासूनच तक्रारी होत्या’ असे कुणी म्हणाले की हे पान समोर ठेवता येते. हे पान नसेल तर मागच्या तारखेचे मेमो तयार होतात. शंका आली तर कागदावरची तारीख मानू नका. मूळ ईमेल मागवा, दस्तऐवज सिस्टीममध्ये कधी तयार झाला ती नोंद मागवा, आवक-जावक रजिस्टर पाहा. साक्षीदारांना बोलावणे आणि कागदपत्रे हजर करायला लावणे याबाबत कलम ११ ने समितीला दिवाणी न्यायालयाचे अधिकार दिले आहेत. ‘गोपनीय आहे’ हे एचआरचे उत्तर तुमच्यापुढे चालत नाही.

त्याच दिवशी आयटी विभागालाही लेखी कळवा की संबंधित दोघांचे मेल, चॅट, हजेरीच्या नोंदी आणि सीसीटीव्ही चित्रण राखून ठेवावे. सीसीटीव्हीवर नवे चित्रण जुन्यावर चढत जाते. पहिली बैठक महिन्याने घेणाऱ्या समितीच्या हाती काही लागत नाही. इथे तक्रारदारालाही एक सूचना द्यायला हवी. घाबरून कंपनीच्या फाइली स्वतःच्या खासगी मेलवर पाठवू नयेत. पुष्कळ मालक याचीच वाट पाहत असतात. लगेच ‘डेटा चोरी’ची नोटीस निघते आणि छळाचा विषय बाजूला पडतो. तिला आलेले मेसेज तिचे आहेत, ते मूळ फोनसकट जपावेत. कंपनीच्या सिस्टीममधल्या कागदांची फक्त यादी तिने समितीला द्यावी, ते मागवायचे काम समितीने करावे.

आता कलम १२, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. चौकशी चालू असताना तक्रारदाराच्या लेखी विनंतीवरून समिती तिची किंवा प्रतिवादीची बदली, तिला तीन महिन्यांपर्यंत रजा आणि नियमांत सांगितलेला इतर दिलासा यांची शिफारस करू शकते. २०१३ च्या नियमांतला नियम ८ सांगतो की प्रतिवादीला तिच्या कामाचा अहवाल किंवा गोपनीय अहवाल लिहिण्यापासून रोखावे आणि ते काम दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावे. मालकाने ही शिफारस अमलात आणायची असते आणि तसा अहवाल समितीला द्यायचा असतो. आता होते काय? तक्रारदाराला असा अर्ज करता येतो हेच कुणी सांगत नाही, त्यामुळे विनंती येत नाही, आणि ‘विनंती नव्हती’ म्हणून समिती मोकळी होते. किंवा याच्या उलट, एचआर ‘तुमच्या सुरक्षिततेसाठी’ म्हणून तिलाच दुसऱ्या शाखेत पाठवते. तिची लेखी विनंती नसताना केलेली तिची बदली म्हणजे कलम १२ चा दिलासा नव्हे. तिच्या दृष्टीने ती शिक्षा आहे, आणि समितीने तशीच तिची नोंद करावी. हलवायचेच असेल तर आधी त्याला हलवण्याचा विचार करा.

अंतरिम शिफारस मोघम असून चालत नाही. ‘तक्रारदारास त्रास होणार नाही याची दक्षता घ्यावी’ या वाक्याने काहीही होत नाही, कारण त्यात कुणी, काय, कधीपर्यंत करायचे ते नाही. साधारण असे लिहा:

‘तक्रारदाराच्या दि. … च्या लेखी विनंतीवरून कलम १२ व नियम ८ अन्वये समितीची शिफारस: चौकशी पूर्ण होईपर्यंत प्रतिवादीने तक्रारदाराचे मूल्यमापन, हजेरी, रजा, शिफ्ट, कामवाटप व खर्चमंजुरी यांबाबत कोणताही निर्णय घेऊ नये अथवा मत कळवू नये. हे अधिकार प्रतिवादीच्या अधिकारसाखळीबाहेरील श्रीमती/श्री … यांच्याकडे द्यावेत. तक्रारदारास दि. … ते दि. … पूर्ण पगारी रजा द्यावी. ती तिच्या हक्काच्या रजेतून वळती करू नये. तिच्या सेवाशर्तींत कोणताही प्रतिकूल बदल करण्यापूर्वी कारणांसह समितीला लेखी कळवावे. अंमलबजावणीचा अहवाल पाच दिवसांत सादर करावा.’

प्रत्येक शब्दामागे कारण आहे. ‘अधिकारसाखळीबाहेरील’ लिहिले नाही तर मूल्यमापनाचे काम प्रतिवादीच्याच हाताखालच्या माणसाकडे जाते. ‘मत कळवू नये’ लिहिले नाही तर नवा वरिष्ठ जुन्या साहेबाला विचारूनच शेरा लिहितो. ‘पूर्ण पगारी’ हे शब्द नसतील तर हिशेब विभाग रजा बिनपगारी धरतो. ही रजा तिच्या हक्काच्या रजेव्यतिरिक्त असते एवढे कायदा स्पष्ट सांगतो. पाच दिवसांची मुदत मात्र आम्ही सुचवलेली आहे. कायद्यात ती नाही, पण मुदत न घातलेल्या शिफारशी टेबलावर पडून राहतात.

कंत्राटी स्त्रियांकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो, कारण तिथे सूड एका फोनवर उरकतो. हॉस्पिटलात किंवा आयटी पार्कमध्ये साफसफाईला येणाऱ्या बाईने सुपरवायझरविरुद्ध तोंड उघडले की दुसऱ्या दिवशी गेटवर तिचा पास चालत नाही. कंत्राटदार म्हणतो, ‘कंपनीनेच माणसे कमी करायला सांगितली.’ कंपनी म्हणते, ‘त्या आमच्या कर्मचारीच नाहीत.’ कायद्यातल्या व्याख्येत कंत्राटदारामार्फत आलेली, रोजंदारीवरची, प्रोबेशनवरची, शिकाऊ, अगदी बिनपगारी स्वयंसेविकाही कर्मचारीच आहे, मग मूळ मालकाला तिची माहिती असो वा नसो. तेव्हा तक्रार आली की समितीचे पत्र एकाच दिवशी कंपनीलाही जावे आणि कंत्राटदारालाही. त्यात गेटपास चालू ठेवा असे स्पष्ट लिहा. गेटच्या नोंदी, मस्टर आणि पीएफच्या महिन्याच्या नोंदी मागवा. शेवटची हजेरी आणि तक्रारीची तारीख शेजारीशेजारी आली की फारसे सांगावे लागत नाही. त्याच आठवड्यात त्याच कंत्राटदाराने नवीन माणसे आत घेतली का, तेही पाहा. घेतली असतील तर ‘माणसे कमी करायची होती’ हे कारण संपले. तिला लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून घ्यायला मदत करणे कलम ९ ने तुमच्यावर बंधनकारक केले आहे. तक्रारीच्या सहा प्रती द्याव्यात हा नियम दाखवून तिला परत पाठवू नका. झेरॉक्स तुम्ही काढा.

बदलीतला सूड न्यायालय कसा ओळखते हे पाहायचे असेल तर पंजाब अँड सिंध बँकेच्या प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०२० चा निकाल समितीत बसून वाचा. इंदूर शाखेतल्या मुख्य व्यवस्थापक बाईंनी शाखेतल्या गैरव्यवहारांबद्दल लिहिले, वरिष्ठाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली, आणि त्यांची बदली जबलपूर जिल्ह्यातल्या सरसवा शाखेत झाली. बदली ही नोकरीची अटच आहे, असे बँकेचे म्हणणे होते. न्यायालयाने पाहिले की त्या चौथ्या श्रेणीच्या अधिकारी होत्या आणि ज्या जागेवर त्यांना पाठवले ती पहिल्या श्रेणीच्या अधिकाऱ्याची होती (बँकेत चौथी श्रेणी पहिलीहून वरची असते). बदली रद्द झाली, त्यांना इंदूरला परत नेमण्याचा आदेश झाला, वर ५० हजार रुपये खर्च बँकेला द्यावा लागला. त्याच प्रकरणात समितीतली बाहेरची सदस्य बँकेच्याच वकील पॅनेलवरची होती, हाही मुद्दा आला. बाहेरच्या सदस्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. ज्या कंपनीकडून तुमच्या फर्मला दुसरे काम मिळते, तिच्या समितीवर बसू नका. दिवसाला २०० रुपये भत्ता आणि प्रवासखर्च एवढेच नियमांत सांगितले आहे. कंपनी त्याहून जास्त मानधन देत असेल तर ते किती आणि कशासाठी, हे नेमणुकीच्या पत्रात लिहून घ्या.

या निकालातली तपासाची रीत तुम्हालाही वापरता येते. निर्णय घेणाऱ्याला तक्रारीची माहिती होती का? तक्रार आणि निर्णय यांत किती दिवसांचे अंतर आहे? तशाच परिस्थितीतल्या दुसऱ्या कर्मचाऱ्याला तेच नियम लावले गेले का? नेहमीची पद्धत वगळली का, म्हणजे इतरांची बदली जूनमध्ये होते आणि हिचीच नोव्हेंबरात कशी? आणि कारण बदलत गेले का? पहिल्या पत्रात ‘कामाची गरज’, दुसऱ्यात ‘वर्तणूक’, समितीपुढे ‘पुनर्रचना’ असे तीन टप्पे आले तर आमच्या मते तोच सगळ्यात बोलका पुरावा. हेतू कुणी कबूल करत नसतो. समितीला संशयातीत पुरावा लागत नाही, शक्यतेचे पारडे कुठे झुकते ते पाहायचे असते.

मालकाचीही एक बाजू आहे आणि ती नाकारू नये. तक्रार केली म्हणून कुणाला कामात सूट मिळत नाही. रोकड कमी भरली असेल, रुग्णाला चुकीचे औषध दिले असेल तर कारवाई थांबवता येणार नाही. पण ती प्रतिवादीशी संबंध नसलेल्या अधिकाऱ्याने, आधीच्या नोंदींवर, इतरांना लावलेल्याच नियमाने करावी आणि आधी समितीला कळवावी. ज्याचे कारण खरे आहे त्या मालकाला यात काही अडचण येत नाही.

तीन धमक्या नेहमी दिल्या जातात. पहिली कलम १४ ची: ‘सिद्ध झाले नाही तर तुझ्यावरच कारवाई होईल.’ हे खोटे आहे. तक्रार सिद्ध करता न येणे किंवा पुरेसा पुरावा नसणे एवढ्यावरून कारवाई होत नाही, हे त्याच कलमात लिहिले आहे. दुष्ट हेतू होता हे वेगळी चौकशी करून ठरवावे लागते. पहिल्या भेटीत तिला हे वाचून दाखवा. दुसरी गोपनीयतेची: ‘कुणाशी बोललीस तर दंड.’ कलम १६ ची बंदी जनतेला आणि माध्यमांना माहिती देण्यावर आहे. वकील, डॉक्टर, पोलीस यांच्याकडे जायला कोणतीही आडकाठी नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ खाली पोलिसांत जायचे असेल तर मालकाने तिला मदत करायची असते. ‘आधी समिती, मग पोलीस’ असा क्रम कायद्यात कुठेही नाही. तिसरी गोष्ट धमकीपेक्षा गोड शब्दांत येते: ‘तक्रार मागे घे, राजीनामा दे, चार महिन्यांचा पगार देतो, चांगले पत्र देतो.’ तडजोड फक्त तिच्याच विनंतीवरून होऊ शकते आणि पैसे हा तिचा आधार असू शकत नाही, असे कलम १० म्हणते. चालू चौकशीत तक्रारदाराचा राजीनामा आला की समितीने तिला बोलावून, एचआरचे कुणी नसताना, तो का दिला हे विचारावे आणि नोंदवावे. राजीनाम्याने चौकशी संपत नाही. पीडित स्त्री त्या ठिकाणी नोकरीत असलीच पाहिजे अशी अट कायद्यात नाही.

एवढे सगळे करताना प्रतिवादीवर अन्याय होऊ देऊ नका, आणि हे आम्ही तक्रारदाराच्या हितासाठीच म्हणत आहोत. गोवा विद्यापीठाच्या प्रकरणात समितीने अखेरच्या टप्प्यात घाईने कामकाज उरकले, प्रतिवादीला बाजू मांडायला पुरेसा वेळ दिला नाही. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी रद्द करून प्रकरण परत पाठवले. मूळ तक्रारी २००९ मधल्या. चौदा वर्षांनी चौकशी पुन्हा मे २००९ च्या टप्प्यावर! कोरम (चौकशीच्या वेळी लागणारी किमान हजेरी) तीन सदस्यांचा, त्यात अध्यक्ष हव्यातच. साक्षींच्या प्रती दोघांना द्या. उलटतपासणी समोरासमोर नको असेल तर लेखी प्रश्न घ्या आणि ते समितीने विचारावेत. एकतर्फी निर्णयाआधी लागोपाठ तीन गैरहजेऱ्या आणि १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. वकील कुणाच्याही बाजूने नाही.

अहवालात सुडाबद्दल वेगळा परिच्छेद असलाच पाहिजे, तक्रार सिद्ध झाली असो वा नसो. अडलेले इन्क्रिमेंट मागच्या तारखेपासून द्यावे, पीआयपीचा कागद सेवापुस्तकातून काढावा, तो शेरा दुसऱ्या अधिकाऱ्याने पुन्हा लिहावा, अशा नेमक्या शिफारशी करा. छळ सिद्ध झाला असेल तर कलम १५ खाली भरपाई ठरवताना तिच्या करिअरमधल्या गमावलेल्या संधीचा आणि औषधोपचाराचा खर्च आकड्यांत मांडा. प्रतिवादीने ती रक्कम भरली नाही तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करण्यासाठी आदेश जिल्हा अधिकाऱ्याकडे पाठवता येतो. आणि अहवालाबरोबर लक्ष काढून घेऊ नका. केंद्र सरकारच्या कार्मिक विभागाने डिसेंबर २०१६ मध्ये आपल्या कार्यालयांना सांगितले की तक्रारदारावर सूड उगवला जात नाही ना, यावर पाच वर्षे लक्ष ठेवावे, तिला प्रतिवादीच्या हाताखाली नेमू नये आणि जाचाबद्दलच्या तिच्या निवेदनावर १५ दिवसांत निर्णय घ्यावा. खासगी कंपन्यांना हे बंधनकारक नाही, पण धोरणात घालायला कुणी अडवलेले नाही. निदान तीन, सहा आणि बारा महिन्यांनी तिच्याशी समितीने बोलावे. साक्षीदारांशीही. त्यांची अप्रेझल त्याच साहेबांच्या हातात असतात आणि कायद्यात त्यांच्यासाठी वेगळे कवच नाही.

मालकाने शिफारस धुडकावली तर? कलम २६ खाली ५० हजारांपर्यंत दंड आहे, पुन्हा तेच केले तर दुप्पट शिक्षा आणि परवाना रद्द होण्याची शक्यता. आणि कलम २७ प्रमाणे न्यायालयात ही तक्रार पीडित स्त्री करू शकते किंवा समितीने अधिकार दिलेली व्यक्ती. हा अधिकार तुमच्याकडे आहे याची अनेक सदस्यांना कल्पनाही नसते. एक ठराव पुरेसा आहे. तक्रारदाराला पुढचे मार्गही तारखांसह सांगा. समितीच्या शिफारशींविरुद्ध अपील ९० दिवसांत. कामगार वर्गातली असेल तर आकसाने काढणे आणि दुष्ट हेतूने बदली करणे या अनुचित कामगार प्रथा आहेत. अनुचित कामगार प्रथांविषयीच्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात त्या आहेत, तिथे तक्रारीची मुदत ९० दिवसांची. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेच्या दुसऱ्या परिशिष्टातही आहेत. कोणत्या कायद्याने कुठे जायचे ते कामगार वकिलाला पहिल्या महिन्यातच विचारायला सांगा. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल किंवा कामाच्या ठिकाणी दहापेक्षा कमी माणसे असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे किंवा केंद्र सरकारच्या शी-बॉक्स या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर जाता येते.

शेवटी एक विनंती, पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घालण्यासाठी. समितीची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची असते. या तीन वर्षांत आलेल्या सगळ्या तक्रारींच्या फाइली बाहेर काढा आणि प्रत्येकीसमोर तीन रकाने भरा: तक्रारदार आज कुठे आहे, प्रतिवादी आज कुठे आहे, साक्षीदार आज कुठे आहेत. १४ जुलै २०२५ पासून कंपन्यांना संचालक मंडळाच्या अहवालात किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या आणि किती ९० दिवसांहून जास्त रखडल्या हे द्यावे लागते. त्या आकड्यांसोबत हा तक्ताही, नावे वगळून, संचालक मंडळासमोर ठेवा. ज्या रकान्यात ‘नोकरी सोडली’ असे येईल तिथे नोकरी सोडल्याची तारीख आणि तक्रारीची तारीख यांतले अंतर लिहा, आणि सहा महिन्यांच्या आतले प्रत्येक प्रकरण वर सांगितलेल्या प्रश्नांवर पुन्हा तपासा.

आपले,
तक्रारदार स्त्रिया आणि समित्या या दोघांबरोबर काम करणारे आम्ही कार्यकर्ते, वकील व समिती सदस्य